माळ्यावरचा पेंटियम, नानांच्या फ्लॉप्या आणि न वाचता येणारी अक्षरं

खटपट्या | शनिवार, रात्री १०:४०

मंडळी, धागा लांब होणार आहे, सांभाळून घ्या. मदतही हवी आहे आणि मनातलंही बोलायचं आहे.

गेल्या आठवड्यात कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या जुन्या घराचा माळा रिकामा केला, कारण छप्पर बदलायचंय. वर आमचा पहिला पीसी निघाला. पेंटियम एमएमएक्स, १६६ मेगाहर्ट्झ, ३२ एमबी रॅम, २.१ जीबीची हार्ड डिस्क, चौदा इंची मॉनिटर. शेजारी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात १९ फ्लॉप्या, प्रत्येकीवर नानांच्या अक्षरात चिठ्ठी.

नाना म्हणजे माझे वडील. मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी होते. १९९८ साली पतसंस्थेचं कर्ज काढून त्यांनी हा पीसी घेतला, मी तेव्हा अकरावीत. पहिले तीन दिवस त्याच्यावर टॉवेल घातलेला असायचा, हात लावायची बंदी. चौथ्या दिवशी नाना यार्डात गेल्यावर मी कॅबिनेटचं झाकण काढलं. आत सगळं सुटं सुटं होतं. रॅमची पट्टी वेगळी, डिस्प्ले कार्ड वेगळं, साउंड कार्ड वेगळं. प्रत्येक तुकड्याला स्वतःची जागा आणि स्वतःचं काम. घड्याळजीच्या दुकानात उघडं घड्याळ बघताना व्हायचं तसं झालं मला. त्या दुपारपासून जे लागलं ते आज पंचेचाळिशी ओलांडली तरी सुटलेलं नाही. सुरू होताना रॅम मोजणारे पांढरे आकडे, फ्लॉपी ड्राइव्हची टर्रर्र, बंद करताना काळ्या पडद्यावर येणारी ती नारिंगी अक्षरं, की आता बटण दाबायला हरकत नाही, आणि मग खटका खाली. तो खटका खरा होता. वीज खरोखर तुटायची.

त्यानंतर माझ्या हातून किती यंत्रं गेली त्याला गणती नाही. पामटॉप, तीन टॅब्लेट, नऊ फोन, सहा लॅपटॉप. प्रत्येक घेताना तोच उत्साह, खोकं उघडायला घरचे झोपायची वाट बघायची. आणि आताशा प्रत्येकाचा शेवट सारखाच होतो. मागच्या लॅपटॉपची बॅटरी फुगली, टचपॅड वर उचललं गेलं. बॅटरी डिंकाने चिकटवलेली, रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली, स्टोरेजसुद्धा बोर्डावर. सर्व्हिस सेंटरने सांगितलं की बोर्ड बदलावा लागेल आणि आतला डेटा मिळणार नाही. आईच्या पंच्याहत्तरीचे फोटो त्यात होते. बॅकअप तीन महिन्यांपूर्वीचा. चूक माझी होतीच, पण दुरुस्ती का होत नाही हेही मला कुणी सांगितलं नाही. मी काउंटरच्या अलीकडे, माझं यंत्र काचेच्या पलीकडे.

आता मूळ प्रश्न. निवृत्तीनंतर, २००१ ते २००३ च्या दरम्यान, नाना रोज दुपारी दोन बोटांनी टाइप करत बसायचे. फ्लॉप्यांवर लिहिलंय ‘गुऱ्हाळ १’, ‘गुऱ्हाळ २’, असं १९ पर्यंत. त्यांचं लहानपण वडणग्यात गुऱ्हाळावर गेलं. ते काय लिहितात हे मी तेव्हा कधी विचारलं नाही. नाना जाऊन सहा वर्षं झाली.

यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह मागवला. तीन फ्लॉप्या वाचल्या गेल्या, फाइली उघडल्या, पण मराठीचा पत्ता नाही. पानभर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं. बाकीच्यांवर ड्राइव्ह नुसता घरघरतो. पीसी अजून चालू केलेला नाही. काय करू?

उद्यमनगरी | शनिवार, रात्री ११:१५

भावा, पहिलं काम म्हणजे तो पीसी थेट प्लगला लावू नको. वीस वर्षं पडून असलेल्या एसएमपीएसमधले, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्यातले, कॅपॅसिटर सुकलेले असतात. वीज दिली की एक तर फुटतात नाहीतर बोर्डाला घेऊन जातात. माझ्या वर्कशॉपवर घेऊन ये, सिरीजमध्ये शंभरचा बल्ब लावून बघू. बल्ब क्षणभर चमकून विझला तर ठीक, भक्कन पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे.

दुसरं, बोर्डावर बटण-सेल असेल तो मेलेला असणार. त्यामुळे बायोस, म्हणजे पीसी सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम, तारीख विसरतो आणि हार्ड डिस्क कुठली तेही विसरतो. नवा सीआर २०३२ टाकायचा, बायोसमध्ये डिस्कचं ऑटो डिटेक्शन करायचं. रॅमच्या सोनेरी पट्टीवर शाळेतला खोडरबर फिरव. हे तुला ठाऊकच असेल, कोल्हापुरात एकही पीसी खोडरबराशिवाय मोठा झालेला नाही.

तुझ्या लॅपटॉपचं वाचून मात्र आतून जळलं. माझे वडील लेथवर, मी चिप लेव्हलवर. त्यांना कुठल्याही ऑइल इंजिनाचा कुठलाही पार्ट बनवून देता यायचा, कारण इंजिन समोर उघडं असायचं. मला बोर्ड येतो, मल्टिमीटर आहे, हॉट एअर आहे, डोळे आहेत. पण सर्किटचा नकाशा मिळत नाही, सुटी आयसी मिळत नाही. पंधरा रुपयांच्या पार्टसाठी पस्तीस हजारांचा बोर्ड भंगारात जातो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ साली राइट टू रिपेअरसाठी, म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी, समिती नेमली, पोर्टलही काढलं. माझ्या टेबलापर्यंत त्यातलं अजून काही पोचलेलं नाही.

सुटसुटीत | रविवार, सकाळी ८:०५

दादा, नानांबद्दल वाचून वाईट वाटलं. पण एक वेगळी बाजू मांडतो, राग मानू नका.

मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझा गेमिंग पीसी मी स्वतः जोडलाय, एकेक पार्ट आठ महिन्यांत साठवून. म्हणजे उघडण्याचं वेड मलाही आहे. पण माझी आई शिरोळला राहते. तिचा फोन डिंकाने बंद आहे म्हणूनच पावसात भिजून, दुधाच्या किटलीत पडूनही चालतो. चार वर्षांत तिला एकदाही कुणाकडे जावं लागलेलं नाही. तुमच्या काळच्या पीसीला आठवड्याला एक जाणकार माणूस लागायचा ना? ज्याच्या घरात तुमच्यासारखा मुलगा नव्हता, त्याचं काय व्हायचं? आणि फोटो क्लाउडवर असते तर गेलेच नसते.

अक्षरजुळारी | रविवार, सकाळी ९:३०

खटपट्या, फाइली खराब झालेल्या नाहीत, आधी हे मनातून काढा. नानांनी लिहिलेलं सगळं तिथंच आहे.

मी १९९४ पासून लक्ष्मीपुरीत डीटीपी केलं. लग्नपत्रिका, सहकारी संस्थांचे अहवाल, दिवाळी अंक, काय नाही केलं. त्या काळात छापखान्यातल्या संगणकात मराठी अक्षरांना स्वतःचा क्रमांक नव्हता. फॉन्ट बनवणारे काय करायचे, तर इंग्रजी अक्षराच्या घरात मराठी अक्षराचं चित्र बसवायचे. फाइलमध्ये साठायचं इंग्रजी अक्षर, पडद्यावर दिसायचा ‘म’. फॉन्ट काढून घेतला की मागचं इंग्रजी उघडं पडतं. तेच तुम्हाला दिसतंय. आणि प्रत्येक कंपनीने अक्षरं आपल्या मर्जीने वेगवेगळ्या घरांत बसवली, त्यामुळे एकीचा फॉन्ट दुसरीच्या फाइलीला चालत नाही. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचं प्रमाण निघालं होतं, १९९१ मध्ये युनिकोडची, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीची, पहिली आवृत्तीही आली होती. पण छापखान्यात ते पोचायला फार वर्षं गेली. दरम्यान अख्ख्या एका पिढीचं मराठी असं उसन्या घरांत राहून गेलं. कितीतरी लेखकांचं लिखाण माझ्या हातून टाइप झालं, आज त्यातलं निम्मं कुणाला उघडता येणार नाही. याचं मला फार वाईट वाटतं, रोज वाटतं.

आता उपाय. फाइलीतल्या अक्षरांवर क्लिक करा. फॉन्टच्या चौकटीत नानांच्या फॉन्टचं नाव दिसेल, तो तुमच्या मशीनवर नसला तरी. फ्लॉपीत फॉन्ट असण्याची शक्यता कमी. तो जुन्या पीसीच्या हार्ड डिस्कमध्ये, विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये असेल. म्हणजे शब्द फ्लॉपीत आणि डोळे हार्ड डिस्कमध्ये. दोन्ही लागतील.

खटपट्या | रविवार, सकाळी १०:१०

ताई, तुमचं उत्तर तीनदा वाचलं. फॉन्टचं नाव दिसलं. नेटवर त्या नावाचा फॉन्ट मिळाला, पण लावल्यावर अक्षरं दिसतात आणि अर्थ लागत नाही. घरं वेगळी असणार. म्हणजे पीसी उठवावाच लागणार.

सुटसुटीत, राग कशाचा? तू म्हणतोस ते खरं आहे. आमच्या गल्लीत तीन पीसी होते आणि तिन्हींसाठी मलाच हाक यायची. तुझ्या आईचा फोन बंद राहिला म्हणून टिकला, हे मी मान्य करतो. माझी मागणी वेगळी आहे. बिघडेपर्यंत बंद असू दे, पण बिघडल्यावर ज्याला येतं त्याला उघडू दे, आणि मी आत ठेवलेलं मला बाहेर काढू दे. क्लाउडचं म्हणशील तर माझ्या मेव्हण्याचं खातं पासवर्ड आणि जुना मोबाइल नंबर दोन्ही गेल्यामुळे कायमचं बंद पडलं. कुलूप तिथंही आहे, फक्त दार दिसत नाही.

पंचगंगाकाठ | रविवार, दुपारी १२:५०

माझंही लिहितो. शाहूपुरीत माझा सायबर कॅफे होता, नऊ पीसी. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४३. आम्ही सगळ्या कॅबिनेट टेबलावर चढवल्या होत्या, २००५ चा अंदाज धरून. पाणी टेबलाच्या वर दोन हात गेलं.

पाणी उतरल्यावर घाईत मोठी चूक केली. हेअर ड्रायरने वाळवून दुसऱ्या दिवशी पीसी चालू केले. सात बोर्ड तिथंच गेले. पुराच्या पाण्यात नुसतं पाणी नसतं, गाळ असतो, मीठ असतं, सांडपाणी असतं. सुकल्यावरही तो थर वीज वाहून नेतो. आधी स्वच्छ पाण्याने गाळ धुवायचा, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलने ब्रशने साफ करायचं, पूर्ण वाळू द्यायचं आणि मग विजेचा विचार. हार्ड डिस्कचं तर त्याहून नाजूक. तिला हवेसाठी बारीक भोक असतं, त्यातून गाळ आत जातो आणि हेड तर तबकडीपासून केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी अंतरावर फिरतं. भिजलेली डिस्क चालू केली की खरवडलीच. ज्यात जीव अडकलाय अशी डिस्क तशीच पिशवीत घालून डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्यायची. हे सगळं मला नंतर कळलं. कॅफेतल्या पोरांचे प्रोजेक्ट, लोकांचे अर्ज, माझ्या मुलीचे लहानपणचे व्हिडिओ, सगळं नदीबरोबर गेलं.

त्यातले दोन पीसी वाचले. त्यातल्या एकावर मी आजही जमाखर्च लिहितो. कॅबिनेटच्या तळाशी गाळाची रेघ आहे, ती मी पुसलेली नाही.

उद्यमनगरी | मंगळवार, रात्री ९:२०

खटपट्या आज पीसी घेऊन आला होता, तो दमलाय म्हणून मी लिहितो.

सिरीज बल्ब बरोबर विझला. पण व्होल्टेज हलत होतं, म्हणून एसएमपीएसमधले चार कॅपॅसिटर बदलले. मदरबोर्ड मात्र ठणठणीत. २००० नंतरच्या काही वर्षांत खराब कॅपॅसिटरची लाट आली होती, माझ्याकडे तेव्हा रोज फुगलेल्या टोप्यांचे बोर्ड यायचे. हा त्याच्या आधीचा. सेल बदलला, खोडरबर फिरवला, आणि रॅम मोजणारे आकडे आले बघा! वर्कशॉपमधली चार पोरं गोळा झाली. त्यातल्या दोघांनी फ्लॉपी पहिल्यांदाच हातात घेतली.

डिस्कने मात्र दगा दिला. फिरते, थांबते, कट्ट करते. जास्त वेळ चालवली नाही. केबल काढून ठेवली.

जाताना खटपट्या म्हणाला, आपण उगाच जुन्याला कवटाळतोय का. त्याला मी खरी कॉर्नरच्या कॅमेऱ्याच्या स्तंभाची आठवण दिली. बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी याच गावात, मिस्त्रींना हाताशी धरून, सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला. विदेशी यंत्र कसं चालतं ते बघितलं, समजून घेतलं, आणि आपलं तयार केलं. यंत्रात डोकावण्याची खोड या गावाला तेव्हापासून आहे. ती जायला नको.

गडहिंग्लजकर | मंगळवार, रात्री १०:००

कट्ट करणाऱ्या डिस्कवरून फाइली कॉपी करत बसू नका. एकच फाइल अडली की डिस्क तिथंच डोकं आपटत राहते आणि मरते. जुनी डिस्क यूएसबीला जोडणारा आयडीई ते यूएसबी अडॅप्टर घ्या, लिनक्सवर डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम चालवा. ते आधी सोपा भाग पटापट उचलतं, अवघड जागा वहीत लिहून ठेवतं आणि शेवटी परत त्या जागांवर येतं. मध्येच थांबवलं तरी पुढे तिथूनच सुरू होतं. तयार झालेल्या प्रतीवर काम करायचं, मूळ डिस्क बाजूला ठेवायची. फ्लॉप्यांनाही हेच चालतं, एक फ्लॉपी म्हणजे जेमतेम १.४४ एमबी.

फ्लॉपीचं पत्र्याचं दार सरकवून आत बघा. कोल्हापूरच्या पावसाळ्यात तबकडीवर बुरशीचे पांढरे ठिपके येतात. न तंतू सुटणाऱ्या फडक्याला आयसोप्रोपाइल लावून, मधलं चाक हाताने फिरवत, हलकेच पुसायचं. प्रत्येक फ्लॉपीनंतर ड्राइव्हचं हेडही पुसा, नाहीतर एकीची बुरशी दुसरीला लागते. आणि कोपऱ्यातली खिडकी उघडी ठेवा, म्हणजे चुकून काही लिहिलं जाणार नाही.

मी शाळेत शिकवतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, आणि आमचे अकरा लॅपटॉप ११ च्या यादीत बसत नव्हते. त्यांच्यावर लिनक्स मिंट टाकलं, हार्ड डिस्क काढून साध्या एसएसडी बसवल्या. सहावीची मुलं आता त्यावर मराठीत टाइप करतात. यंत्र म्हातारं झालं असं आपण फार लवकर म्हणतो.

खटपट्या | शुक्रवार, रात्री ११:५५

डिस्क बावीस तास चालली. मी शेजारी गादी टाकून झोपलो. शेवटचा थोडा भाग आलाच नाही, पण फॉन्ट्सचं फोल्डर पूर्ण आलं. १९ पैकी १६ फ्लॉप्या वाचल्या गेल्या. ७, १२ आणि १३ वर बुरशीने खोल खाल्लंय.

फॉन्ट टाकला, ‘गुऱ्हाळ १’ उघडलं. पडद्यावर मराठी उमटलं. मी एक ओळ वाचली आणि बायकोला उठवलं.

आता हे सगळं युनिकोडमध्ये आणायचंय, म्हणजे बहिणीला फोनवर वाचता येईल. पण नेटवरचे कन्व्हर्टर या फॉन्टसाठी नाहीत. सोळा फ्लॉप्या मिळून अडीचशे पानं आहेत.

सुटसुटीत | शनिवार, सकाळी ७:३०

दादा, मला एक पान आणि फॉन्ट पाठवा. रात्री विचार करत होतो. प्रत्येक इंग्रजी अक्षरासमोर मराठी अक्षर असा तक्ता केला की पायथॉनमध्ये बदलता येईल. मला हे करायचंय.

अक्षरजुळारी | शनिवार, सकाळी ८:१५

बाळा, नुसत्या तक्त्यावर भागणार नाही. दोन गोष्टी आधीच लक्षात घे. जुन्या फॉन्टमध्ये जसं दिसतं तसं टाइप व्हायचं. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी, ‘क’ नंतर. युनिकोडमध्ये ‘क’ आधी साठतो. म्हणजे प्रत्येक ऱ्हस्व वेलांटी उचलून पुढच्या पूर्ण अक्षराच्या मागे न्यावी लागेल, जोडाक्षर असेल तर सबंध जोडाक्षराच्या मागे. रफाराचं उलट. ‘अर्थ’ मध्ये रफार शेवटी टाइप व्हायचा, युनिकोडमध्ये ‘र’ आणि हलन्त आधी येतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ‘गुऱ्हाळ’. यातला ऱ्ह मराठीचा खास आहे, हिंदीसाठी बनलेल्या तक्त्यात तो नसतो. तिथं ‘गुर्हाळ’ होतं, आणि ते चूक आहे. दुसऱ्या, वाऱ्यावर, तऱ्हा, चऱ्हाट, सगळीकडे हेच. तो अर्धा ऱ दोन पद्धतींनी साठवता येतो आणि दोन्ही दिसायला सारखेच. पण एका पद्धतीने शोधलं तर दुसऱ्या पद्धतीचं सापडत नाही. एकच पद्धत ठेव. ऱ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये आहे, इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून ‘र’ दाबला की येतं. तेच वापर. नानांनी आयुष्यभर जो शब्द उच्चारला तो नीट उमटला पाहिजे.

सुटसुटीत | रविवार, रात्री १:४०

झालं. चारदा चुकलं, जोडाक्षरांच्या वेलांटीने रडवलं. ताईंनी फोनवर दोन तास बसून एकेक पान तपासून दिलं. ‘गुऱ्हाळ’ २१७ वेळा आलंय आणि २१७ वेळा बरोबर आलंय. प्रोग्रॅम आणि तक्ता दोन्ही इथे देतो, ज्यांच्याकडे याच फॉन्टच्या फाइली असतील त्यांनी घ्यावं.

दादा, मी वाचलं थोडं, माफ करा. भेंडीचं पाणी घालून रसातली मळी वर काढतात हे मला माहीतच नव्हतं. आईला फोन करून विचारलं, तिला माहीत होतं.

खटपट्या | रविवार, संध्याकाळी ६:२०

वाचायचंच होतं रे, माफी कशाची.

आज बहीण आली होती. दोघांनी मिळून मोठ्याने वाचलं. तुमच्यासाठी थोडं इथे उतरवतो, नानांचे शब्द जसेच्या तसे:

“चुलवाणात चिपाड घालणारा माणूस आणि काहिलीपाशी उभा गुळव्या, दोघांचं बोलणं डोळ्यांनीच चाले. पाक तयार झाला का, हे गुळव्या थंड पाण्यात थोडा पाक टाकून बोटांनी बघायचा. गोळी बांधली गेली की हात वर. मग पळापळ. आम्हा पोरांना वाफ्याच्या कडेला उभं राहायची परवानगी होती, हात घालायची नव्हती. एकदा सगळे जेवायला गेले असता मी हात घातला. चटका बसला. पण गूळ कसा होतो ते मला त्या दिवशी कळलं.”

७, १२ आणि १३ मध्ये काय होतं ते आता कळणार नाही. उद्यमनगरीदादांनी पीसी आठवडाभर वर्कशॉपवरच ठेवायला सांगितलंय, पोरांना शिकवायला. पंचगंगाकाठ, तुमच्या मुलीचे व्हिडिओ ज्या डिस्कमध्ये होते ती टाकून दिली नसेल तर मला सांगा. रिकव्हरीवाल्याकडे मी बरोबर येतो.

पंचगंगाकाठ | रविवार, संध्याकाळी ७:०५

टाकलेली नाही. कपाटात आहे, त्याच पिशवीत. शनिवारी जमेल?